आकृती बघून बॉबिन लेस शिकताना

बॉबिन लेसचा नमुना पहिल्यांदा हातात येतो तेव्हा त्यावर लेस कुठेच दिसत नाही. जाड कागदाची पट्टी आणि तिच्यावर तिरक्या ओळींनी टोचलेली भोकं, एवढंच. ज्यांनी दारात ठिपक्यांची रांगोळी घातली आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. अकरा ते सहा ठिपके मांडले म्हणजे रांगोळी झाली असं कुणी म्हणत नाही. रेघ कुठून निघते, कुठल्या ठिपक्याला वळसा घालते आणि कुठल्याला पोटात घेते हे घालणारीला माहीत असावं लागतं. लेसच्या भोकांत टाचण्या बसतात. टाचण्यांभोवती दोरे कसे जायचे ते दुसऱ्या एका आकृतीत असतं. आणि ते किती ओढायचे, पीळ किती द्यायचा, दोरा कुठला घ्यायचा, यातलं बरंचसं कुठल्याच आकृतीत नसतं.

कोकणात ही लेस शिकवणारं माणूस शेजारी सापडणं कठीण. त्यामुळे इथे शिकायचं तर पुस्तकातल्या नाहीतर मोबाइलवरच्या आकृत्या समोर ठेवूनच. वेंगुर्ल्यात बसून मीही तशीच शिकले. आकृतीला कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता विचारून उपयोग नाही, एवढं कळलं की निम्मं काम सोपं होतं असा माझा अनुभव आहे. हा लेख त्याबद्दल.

क्रोशा आपल्याकडे पुष्कळजणींना येतो, म्हणून तिथून सुरुवात करू. क्रोशात दोरा एक, सुई एक आणि एका वेळी एकच फास जिवंत. तो सुटला की ओळच्या ओळ उसवते. बॉबिन लेसमध्ये फास नाही, सुई नाही आणि विणताना गाठही नाही. दोरे मात्र पुष्कळ. प्रत्येक दोऱ्याचं टोक एका लाकडी कांडीवर गुंडाळलेलं असतं, ती कांडी म्हणजे बॉबिन. एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन बॉबिनवर गुंडाळायची आणि मधला भाग टाचणीला अडकवायचा, की झाली एक जोडी. घट्ट भरलेल्या उशीवर टोचलेला कागद लावायचा, वरच्या टाचण्यांना जोड्या लटकवायच्या आणि बॉबिन एकमेकींवरून टाकत खाली यायचं. दोरे जिथे गुंततात ती जागा धरून ठेवायला भोकात टाचणी रोवायची. पुरेसं खाली आल्यावर वरच्या टाचण्या काढून घेतल्या तरी वीण सुटत नाही, कारण तोवर दोऱ्यांनीच एकमेकांना धरलेलं असतं.

दोन बोटं रुंदीच्या पट्टीलासुद्धा दहा-पंधरा जोड्या सहज लागतात, म्हणजे वीस-तीस बॉबिन. शेजारच्या काकी तो पसारा बघून म्हणाल्या होत्या, ‘‘काय गो, ह्यां जाळां खंयच्या माशाचां?’’ पण पसाऱ्याला घाबरण्याचं कारण नाही. उशीवर शंभर बॉबिन लटकत असल्या तरी हातात एका वेळी चारच असतात. बाकीच्या आपली पाळी येईपर्यंत बाजूला पडून राहतात.

या चार बॉबिनच्या हालचाली दोनच. चौघी समोर लटकताहेत असं समजा आणि डावीकडून जागांना १, २, ३, ४ असे आकडे द्या. आकडे जागांचे आहेत, बॉबिनचे नाहीत. बॉबिन सारख्या इकडून तिकडे जातात, आकडे आपल्या जागी राहतात. पहिली हालचाल क्रॉस: २ वरची बॉबिन ३ वरच्या बॉबिनवरून टाकायची. दुसरी पीळ: दोन्ही जोड्यांत उजवी बॉबिन डावीवरून टाकायची, म्हणजे २ वरची १ वरून आणि ४ वरची ३ वरून. लेसच्या गावोगावच्या तऱ्हा वेगळ्या, नावं वेगळी, पण जवळजवळ सगळा खेळ या दोन हालचालींचा.

क्रॉसमध्ये डावीकडून येणारा दोरा वर राहतो आणि पिळात उजवीकडून येणारा, हे लक्षात आलं असेल. ही उलटापालट मुद्दाम आहे. दोन्ही हालचालींत डावाच दोरा वर ठेवला तर उजवीकडे निघालेले दोरे कायम वर राहतील आणि डावीकडे निघालेले कायम खाली. दोन थर एकमेकांवर नुसते पडून राहतील, वीण होणारच नाही. दिशा बदलल्यामुळे प्रत्येक दोरा एकदा वरून आणि एकदा खालून जातो. तुमची लेस कुठे भुसभुशीत वाटली, एखादा दोरा ओढला की सरकन निसटतोय असं दिसलं, तर आधी हीच शंका घ्या: कुठेतरी वरचा दोरा खालून गेला आहे.

आता टाके. चार रंगांचे लोकरीचे तुकडे खुर्चीच्या पाठीला बांधून हे करून बघितलंत तर वाचण्यापेक्षा लवकर कळेल. डावीकडून लाल, पिवळा, निळा, हिरवा. क्रॉस केला की लाल, निळा, पिवळा, हिरवा. मग पीळ: निळा, लाल, हिरवा, पिवळा. पुन्हा क्रॉस: निळा, हिरवा, लाल, पिवळा. काय झालं बघा. लाल-पिवळी जोडी अखंड उजवीकडे गेली आणि निळी-हिरवी अखंड डावीकडे आली. क्रॉस-पीळ-क्रॉस हा कापडाचा टाका. एक फिरती जोडी घेऊन ती उभ्या जोड्यांमधून या टाक्याने पलीकडे नेली, टाचणीला वळवली आणि परत आणली, की मागावरच्या ताण्या-बाण्यासारखं दाट कापड तयार होतं.

पण मधेच थांबलात तर? क्रॉस आणि पीळ करून सोडून दिलंत तर डाव्या हातात निळा-लाल आणि उजव्या हातात हिरवा-पिवळा उरतो. जोड्या फुटल्या. हा अर्धा टाका, आणि सगळ्या टाक्यांत माझ्या आवडीचा. त्याची ओळ डावीकडून उजवीकडे नेताना लक्ष देऊन पाहिलंत तर दिसेल, की फिरत्या जोडीतला एकच दोरा, आपल्या उदाहरणातला पिवळा, ओळीच्या शेवटापर्यंत जातो. त्याचा जोडीदार पहिल्याच टाक्यात मागे राहतो. बाकीचे दोरे तिरके तिरके खाली उतरतात आणि त्यातून जाळी तयार होते.

आकृतीत यातलं काही दिसत नाही. तिथे फिरत्या जोडीची एक साधी रेघ डावीकडून उजवीकडे गेलेली असते, जणू जोडी अखंड गेली. काठाला टाचणीशी पोचल्यावर फिरत्या जोडीला एक जादा पीळ दिला तर तोच पिवळा दोरा परतीच्या ओळीलाही फिरतो, आणि सबंध भागभर तोच एकटा राबतो. पीळ दिला नाही तर परतीला दुसरा दोरा निघतो. पहिल्या तऱ्हेने काठ नेटका दिसतो, पण ती एक बॉबिन बाकीच्यांच्या कितीतरी आधी रिकामी होते. मोठा भाग अर्ध्या टाक्याने भरायचा असेल तर फिरणाऱ्या बॉबिनवर सुरुवातीलाच भरपूर दोरा गुंडाळून घ्यावा. हे पुस्तकात बहुधा नसतं आणि बॉबिन रिकामी झाल्यावर कळून फार उपयोग नसतो.

तिसरा टाका म्हणजे कापडाचा टाका आणि वर एक पीळ: क्रॉस-पीळ-क्रॉस-पीळ. जोड्या अखंड ओलांडतात आणि शिवाय दोन्हींना पीळ बसतो. काठांना आणि जाळीच्या काही प्रकारांत तो लागतो.

एक खबरदारी. काही पुस्तकं टाका क्रॉसने सुरू करतात, काही पिळाने. अर्धा टाका म्हणजे कुणाकडे क्रॉस-पीळ, कुणाकडे पीळ-क्रॉस. क्रॉस, पीळ, क्रॉस, पीळ अशी साखळी चालूच असते. ती कुठे तोडायची याबद्दल फक्त मतभेद. दोन्ही बरोबर. पण एका पुस्तकाची आकृती आणि दुसऱ्या पुस्तकाची सवय एकत्र आली की दर टाचणीला एक पीळ कमी पडतो किंवा जास्त होतो. म्हणून नवीन पुस्तक उघडलं की आधी टाक्यांचं पान बघावं.

आता आकृत्यांकडे येऊ. त्या तीन तऱ्हेच्या मिळतात. एक, ती ठिपक्यांची पट्टी. तिला प्रिकिंग म्हणतात. ती उशीवर लावायची, वाचायची नाही. दुसरी जोड्यांची आकृती. हिच्यात एक रेघ म्हणजे एक जोडी, आणि दोन रेघा जिथे छेदतात तिथे एक टाका. कुठला टाका ते रंग सांगतो. बेल्जियममधून पसरलेली रंगांची पद्धत आता बहुतेक ठिकाणी चालते: जांभळा म्हणजे कापडाचा टाका, हिरवा म्हणजे अर्धा टाका, लाल म्हणजे कापडाचा टाका अधिक पीळ. रेघेवर आडवी बारीक खूण असेल तर त्या जागी त्या जोडीला एक जादा पीळ. दोन खुणा असतील तर दोन. तिसरी दोऱ्यांची आकृती, जिच्यात एक रेघ म्हणजे एक दोरा. ती अवघड जागेपुरतीच काढलेली असते आणि तेवढ्यापुरतीच बघावी. सबंध नमुना दोऱ्यांच्या आकृतीवरून विणायला बसलात तर डोळे फिरतील.

झेरॉक्सच्या दुकानात एक लक्षात ठेवा. काळी-पांढरी प्रत काढली की जांभळा, हिरवा, लाल तिन्ही एकसारखे करडे होतात आणि आकृतीतलं निम्मं ज्ञान तिथेच संपतं. रंगीत प्रत काढा, नाहीतर घरी आणून स्केचपेनने रेघा गिरवा. गिरवण्याचा एक फायदाही आहे: जोडी कुठून येते आणि कुठे जाते ते हाताला एकदा माहीत होतं.

जोड्यांच्या आकृतीत दोन वेगळ्या गोष्टी एकावर एक ठेवलेल्या असतात: वाट आणि टाका. २०१४ साली व्हेरोनिका आयर्विन आणि फ्रँक रस्की यांनी कॅनडात बॉबिन लेसचं गणित मांडलं तेव्हा त्यांनीही या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. प्रत्येक छेदबिंदूत दोन जोड्या येतात आणि दोन बाहेर पडतात, हा झाला वाटांचा नकाशा. त्या बिंदूवर क्रॉस आणि पीळ कोणत्या क्रमाने करायचे, ही वेगळी माहिती. नकाशा तोच ठेवून टाका बदलला की लेसचं रूप पालटतं. गणित सोडा, नवशिक्याला याचा व्यवहारात उपयोग असा, की चुकलं तेव्हा आधी विचारावं: मी वाट चुकले की टाका? वाट चुकली असेल तर पुढे कुठेतरी एक जोडी जास्त उरते किंवा कमी पडते आणि काम अडतं. टाका चुकला असेल तर काहीच अडत नाही. फक्त ती जागा शेजारच्यांसारखी दिसत नाही.

आकृतीत आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे क्रम. पन्नास छेदबिंदू दिसतात, आधी कुठला? कित्येक पुस्तकं टाचण्यांना आकडे देतात, ते शोधत बसण्यापेक्षा नियम समजून घेतलेला बरा: ज्या बिंदूत येणाऱ्या दोन्ही जोड्या वरचं काम आटोपून मोकळ्या झाल्या आहेत, तोच बिंदू आता करता येतो. एक जोडी आली आणि दुसरी अजून वर अडकली असेल तर थांबायचं आणि ती का अडकली ते वर जाऊन बघायचं. बऱ्याचदा एकाच वेळी चार-पाच बिंदू मोकळे असतात. तेव्हा मी तिरकी ओळ धरते आणि ती पुरी करते. सुट्या जागा ठिगळासारख्या भरत गेलं की ताण एकसारखा राहत नाही.

टॉर्शन नावाच्या भौमितिक लेसमध्ये हे चांगलं समजतं, आणि शिकायला सुरुवातही तिच्यापासूनच करावी. तिची भोकं आलेखाच्या कागदावर एक चौकट सोडून एक अशी मांडलेली असतात, त्यामुळे सगळ्या ओळी ४५ अंशांत तिरक्या जातात. काठाला पंख्याचा आकार असतो. पंख्याचा पहिला अर्धा भाग विणताना दर दोन ओळींमागे शेजारच्या जाळीतून एक नवी जोडी आत घ्यावी लागते. मधोमध पोचल्यावर पंखा सर्वांत रुंद होतो आणि मग तशाच एकेक जोड्या बाहेर सोडत जातो. म्हणजे पंखा सुरू करण्याआधी त्याच्या वरच्या बाजूची जाळी विणून झालेली हवी, आणि खालची जाळी पंखा झाल्याशिवाय सुरूच होणार नाही. एकदा हे कळलं की आकड्यांची गरज उरत नाही.

मग कोळी. टॉर्शनमधली ही सगळ्यांना मोह पाडणारी आकृती. समजा डावीकडून तीन जोड्या आणि उजवीकडून तीन जोड्या येतात. हे पाय. प्रत्येक पायाला पीळ द्यायचा, सहसा तीन. मग डावीकडची प्रत्येक जोडी उजवीकडच्या प्रत्येक जोडीतून कापडाच्या टाक्याने पार करायची, म्हणजे नऊ टाके. मधोमध टाचणी. पुन्हा तसेच नऊ टाके, आणि पायांना पीळ देऊन सहाही जोड्या सोडून द्यायच्या. आकृतीत हे सगळं मधल्या एका ठिपक्याभोवती जांभळ्या रेघांची जाळी म्हणून दिसतं, आणि ती पूर्णपणे बरोबर असते. तरी पहिल्यांदा विणलेला कोळी बहुतेकांचा लुळा पडतो: पोटात भोक आणि पाय वाकडे.

याचं कारण ताण. मधली टाचणी रोवल्यावर सहाही जोड्या हातात घेऊन दोन्ही बाजूंना सारख्या ओढायच्या, तेव्हा वरचे पाय सरळ होतात आणि पोट मिटतं. खालचे नऊ टाके झाले की पुन्हा. पण खालचे पाय तेव्हाही सैलच राहतात, कारण त्यांना अजून आधार नाही. खालच्या जाळीच्या टाचण्या रोवून झाल्या की तिसऱ्यांदा, एकेका पायाचा माग धरून, हलक्या हाताने दोरा आणखी खाली ओढायचा. आकृतीत यासाठी खूण नाही, आणि असूही शकत नाही.

ताणाबद्दल सांगता येईल ते एवढं. टाका घालताना ओढू नये, टाचणी रोवल्यावर तिच्या आधाराने ओढावं. कापडाच्या टाक्यात फिरती जोडी जोरात ओढली की उभ्या जोड्या आत गोळा होतात आणि पट्टी मधे आवळते; म्हणून फिरती ओढताना उभ्या जोड्या दुसऱ्या हाताने खाली ताणून धराव्यात. उभे दोरे सरळ आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर दिसले की ताण बरोबर आहे. वर आलेली वीण बोटाने दाबून बघण्यापेक्षा मान मागे घेऊन हातभर लांबून बघा. असमान जागा लांबूनच लवकर दिसते. आणि सगळ्या बॉबिन एकाच वजनाच्या ठेवा. जड बॉबिन आपल्या भाराने दोरा ओढत राहते, हलकी बांबूची तसं करत नाही. दोन्ही एकाच उशीवर असतील तर तुमचा हात कितीही सारखा असला तरी लेस सारखी येणार नाही.

पिळाचंही असंच. जोडी दाट कापडातून बाहेर पडून जाळीत शिरते तिथे तिला एक पीळ लागतोच. कित्येक आकृत्या हे गृहीत धरतात आणि खूण करत नाहीत. न दिल्यास त्या जागी दोन दोरे फाकलेले दिसतात. खूण एका पिळाची असून तुमचा दोरा मूळ दोऱ्यापेक्षा बारीक असेल, तर टाचणीजवळचं भोक मोठं राहतं. तिथे दोन पीळ द्या. पुस्तकाचा अपमान होत नाही. ज्याने आकृती काढली त्याच्यासमोर दुसरा दोरा होता, एवढंच.

दोऱ्याचा प्रश्न कोकणात बसून सोडवायचा तर थोडं गणित करावं लागतं. परदेशी नमुन्यात अमक्या नंबरचा लिननचा दोरा लिहिलेला असतो, आणि आपल्या बाजारात मिळतो क्रोशाचा सुती, २० नाहीतर ४० नंबरचा. नंबर वाढला की दोरा बारीक होतो, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळतीलच असं नाही. म्हणून नंबर विसरा आणि वेढे मोजा. पेन्सिलीवर दोरा एकमेकाला खेटून, पण एकमेकावर चढू न देता गुंडाळा आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते बघा. समजा मूळ दोऱ्याचे ३२ वेढे बसतात असं नमुन्यात दिलं आहे आणि तुमच्या दोऱ्याचे २४ बसतात. ३२ भागिले २४ म्हणजे १.३३. तुमचा दोरा तेवढा जाड आहे, तर नमुनाही तेवढाच मोठा हवा. झेरॉक्सवाल्याला १३३ टक्के सांगायचं. काठाच्या दोन भोकांत ३ मिलिमीटर अंतर असेल ते ४ होईल आणि लेस पुन्हा प्रमाणात येईल.

गणित इथपर्यंतच. क्रोशाचा दोरा घट्ट पिळाचा आणि गोल असतो, लिननचा त्या मानाने ताठ. त्यामुळे १३३ टक्क्यांच्या प्रतीवर बोटभर पट्टी विणून बघावी. कापडाचा भाग पुठ्ठ्यासारखा झाला तर १४० करा; फार विरळ, दोरे सरकणारे झाले तर १२५. शिवणाचा पॉलिस्टरचा दोरा मात्र घेऊ नका. तो ओढला की ताणतो आणि टाचण्या काढल्या की आकसतो, आणि उशीवर सुरेख दिसलेली लेस हातात येते ती चुरगळलेली.

इतका सगळा निर्णय शिकणाऱ्यावर सोडलेला असणं ही काही आजची गोष्ट नाही. १५६१ साली झुरिकमध्ये बॉबिन लेसच्या नमुन्यांचं एक पुस्तक छापलं गेलं. लिहिणारीने नावाऐवजी ‘आर. एम.’ एवढीच अक्षरं दिली आहेत आणि ही कला साधारण पंचवीस वर्षांपूर्वी इटलीतून तिच्या गावात आली असं ती सांगते. त्यात तयार लेसची चित्रं आहेत, आपल्यासारख्या रंगीत आकृत्या नाहीत. चित्र बघायचं आणि दोऱ्यांची वाट आपण काढायची. युरोपात लेसला पुढे सोन्यासारखा भाव आला. योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराने साधारण १६६९-७० मध्ये उशीवर वाकून बॉबिन चालवणारी मुलगी रंगवली. ते चित्र आता पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. त्याच शतकात आमच्या वेंगुर्ल्यात डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. भारताच्या दक्षिण टोकाला ही लेस रुजवली ती मात्र मिशनऱ्यांच्या घरातल्या बायकांनी: नागरकोइलला मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या सुमाराला मुलींना लेस शिकवायला सुरुवात केली, आणि त्यांची मुलगी एलायझा कॉल्डवेल यांनी पुढे तिरुनेलवेली भागात इडैयनगुडीला ते काम नेलं.

साहित्य जमवायला फार खर्च नाही, फक्त इथल्या हवेचा विचार करावा लागतो. उशीत युरोपात पेंढा किंवा लाकडाचा भुसा ठासून भरतात. आपल्याकडे भाताचा पेंढा काही कमी नाही. कापणीनंतरचा, खडखडीत वाळलेला, बारीक कापलेला घ्या आणि मुठीने दाबल्यावर खड्डा पडणार नाही इतका ठासा. टाचणी डगमगली तर ताणाबद्दलचं वरचं सगळं व्यर्थ. पावसाळ्यात लोखंडी टाचणी दोन दिवसांत गंजते आणि तांबूस डाग लेसमध्ये कायमचा बसतो, म्हणून टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या. अर्धवट काम आषाढ-श्रावणात उशीवर आठवडेच्या आठवडे ठेवू नये. दमट हवेत पितळही कळकतं आणि सुतावर बुरशीचे ठिपके येतात. बॉबिनसाठी बांबूच्या काड्या चालतात. नीट हव्या असतील तर सावंतवाडीकडे लाकूड कातणारे कारागीर आहेत, त्यांना एक नमुना दाखवून कातून घेता येतात. इंग्लंडमध्ये बॉबिनच्या टोकाला तारेत ओवलेले काचमणी लावतात, वजनासाठी आणि बॉबिन उशीवर घरंगळू नये म्हणून. बांगड्यांच्या दुकानातले मणी त्याला उत्तम.

चूक सापडली तर काय? बॉबिन लेसची मोठी सोय अशी, की ती जशी विणली तशीच उलट्या क्रमाने उसवता येते, एकही दोरा न कापता. शेवटची टाचणी काढायची, शेवटची हालचाल उलटी करायची, असं मागे मागे जायचं. प्रश्न एवढाच, की उसवायचं की नाही. जोडी वाट चुकली असेल तर उसवाच. पुढे नमुना जुळणार नाही. एका पिळाचा फरक चार ओळी मागे राहिला असेल तर मी तो सोडून देते. पट्टी रुमालाला लागल्यावर तो पीळ शोधायला कुणी भिंग घेऊन येत नाही. तोच पीळ दर नमुन्याला चुकत असेल तर मात्र तुम्ही आकृती चुकीची वाचता आहात. तिथे थांबून दोऱ्यांची आकृती शोधा.

पट्टी पुरी झाली की जोड्यांतले दोन-दोन दोरे एकमेकांना गाठ मारून कापायचे. रुमालाच्या चारी बाजूंनी फिरवलेली असेल तर शेवटच्या जोड्या बारीक क्रोशाच्या सुईने सुरुवातीच्या टाचण्यांच्या जागच्या वेढ्यांतून ओढून घ्यायच्या आणि मग गाठी. या गाठी वरून दिसतील म्हणून काळजी वाटते, पण बहुतेक नमुन्यांत उशीवर आपल्याकडे तोंड करून असते ती लेसची उलटी बाजू. गाठी मागेच जातात. टाचण्या एकदम उपटू नका. पट्टी रात्रभर तशीच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सरळ वर, न वाकवता, एकेक काढा.